ऑनलाइन आर्ट थेरपी: कोकणात सेशन घ्यायचं तर काय काय बघायचं

कोकणात मनाचा डॉक्टर म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांना रत्नागिरीचं मेंटल हॉस्पिटलच आठवतं, आणि तिथे गेलं की गावात चर्चा होणार म्हणून लोक दुखणं अंगावर काढतात, वर्षंच्या वर्षं. म्हणून आर्ट थेरपीचं, म्हणजे चित्रं काढत काढत मन मोकळं करायच्या उपचाराचं, ट्रेनिंग घेतलेल्या काउन्सेलर मंडळींनी ऑनलाइन सेशन घ्यावीत असं मला मनापासून वाटतं. ट्रेनिंग नसेल तर चित्रांचा छान ग्रुप चालवा, त्यानेही बरं वाटतंच, फक्त त्याला थेरपी म्हणू नका.

आणि ही गोळ्यांच्या जागी द्यायची गोष्ट नाही हं. ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या (भास होणं, कानात आवाज येणं असा गंभीर मानसिक आजार) ४१७ पेशंटवर मोठी ट्रायल झाली, २०१२ साली तिचा निकाल आला, त्यात ग्रुप आर्ट थेरपीचा नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्यामुळे कानात आवाज येतात, नुकताच जीव द्यायचा प्रयत्न झालाय, असं काही असेल तर आधी सायकियाट्रिस्ट, आपण त्यांच्याशी बोलून मगच. टेन्शन, घरात कोणी गेल्याचं दुःख, मुलं मुंबईला आणि आईवडील गावात एकटे, अशांपासून सुरुवात करा.

पहिल्या सेशनच्या आधीच मराठीत साधं संमतीपत्र करून घ्या. त्यात जवळच्या एका विश्वासू माणसाचा नंबर आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं ते हवंच, शिवाय दर वेळी कॉल सुरू झाला की आत्ता नक्की कुठे बसलायत हेही विचारायचं, कारण माणूस आज गुहागरला तर उद्या माहेरी लांज्याला असतो. चित्रांचं काय करायचं तेही तेव्हाच ठरवा. घरात एकच फोन असतो, व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो गॅलरीत पडून राहतो आणि मग भावजय बघते, म्हणून चित्र कॅमेऱ्यातच दाखवलेलं बरं. आपल्या घरांत ओटीवरचं बोलणं माजघरात ऐकू जातं, तर एक खूण ठरवून ठेवा, कोणी आलं की कागद उलटा करायचा, आपण लगेच आंब्याकाजूचं बोलायला लागायचं.

आता फोन. नुसता चेहरा दिसून भागत नाही, हात आणि कागद दिसायला हवा, कारण रेघ कुठे अडखळली, काय खोडलं, कुठे जोर दिला हे सगळं तिथे कळतं. दोन्ही बाजूंना स्टीलचे उंच डबे, त्यावर दोन पट्ट्या आडव्या, मधल्या फटीत कॅमेरा येईल असा फोन पालथा, झालं. सुरुवातीला आणि शेवटी मात्र चेहरा बघायचाच. पावसात लाइट जाते, रेंज जाते, म्हणून कॉल तुटला तर पाच मिनिटं थांबायचं आणि मग मी साधा फोन लावणार, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर रडता रडता स्क्रीन काळी झाली की माणसाला वाटतं आपल्याला सोडून दिलं.

रंगांसाठी कुरिअरची वाट बघू नका. पेन्सिल, खडू, चुलीतला कोळसा, गेरू, हळद (चुना लागला की लाल होते, लोकांना फार मजा येते). पण एक सांभाळा. पाण्याचे रंग आणि ओली माती मन पटकन मोकळं करतात, कधीकधी झेपणार नाही इतकं, आणि आपण काही शेजारी बसलेलो नसतो, म्हणून घाबरलेल्या माणसाला आधी पेन्सिल किंवा खडूच द्या, ओलं सामान नंतर. २०२० चं निसर्ग वादळ किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर अंगावर गेलेल्यांना पहिल्याच दिवशी पाण्याचं चित्र काढायला सांगायचं नाही. जिथे निवांत वाटतं ती जागा आधी काढू दे, अंगण असेल, देवळाची पायरी असेल.

चित्र काढताना गप्प बसा, पण आधी सांगा की मी बोलणार नाही, मी इथेच आहे. आणि काळा रंग म्हणजे डिप्रेशन असले अर्थ कृपा करून लावू नका, कदाचित हाताशी कोळसाच होता. ‘हे कसं काढलंत, मला सांगा ना’ एवढं विचारलं की माणूस स्वतःच बोलायला लागतो. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा, हात धुवून, पाणी पिऊन, चित्र कुठे ठेवणार ते ठरवून मगच कॉल बंद.

चित्रातून किंवा बोलण्यातून जीव द्यायचा विचार जाणवला तर सरळ विचारा, विचारल्याने तो विचार वाढत नाही. कॉल चालूच ठेवायचा, दुसऱ्या फोनवरून त्या विश्वासू माणसाला घरी बोलवायचं, लगेचचा धोका असेल तर ११२ किंवा १०८. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, फुकट आहे, २४ तास असतो, मराठीतही बोलतात, तो पहिल्याच दिवशी प्रत्येकाला वहीत लिहून घ्यायला लावा.