रेक्झिनच्या तुकड्यांची टोपली

रविवार पेठेतून आणलेल्या रेक्झिनचे उरलेले तुकडे, रेक्झिनचा जुना टेबलक्लॉथ, काहीही चालेल. फक्त कापडावरचा प्लास्टिकचा लेप सुटू लागलेला नको.

१३ बाय साडेदहा इंचांचे दोन तुकडे कापा. १३ इंचांची बाजू तळाला घ्या. सुलट बाजू आत ठेवून दोन्ही कडा आणि तळ अर्धा इंच आत शिवा. टाचण्या लावू नका, भोकं कायमची राहतात. कपड्यांचे चिमटे लावा. शिलाई उसवली तरी भोकं तशीच राहतात, म्हणून शिलाई पहिल्यांदाच नीट मारा.

सुई १६ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. टाका बारीक ठेवला तर रेक्झिन पोस्टाच्या तिकिटासारखं ओळीत फाटतं. शेवटी उलट टाकेही दोन-तीनच. लेपाच्या बाजूवर शिवताना मशीनचा पाय, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग, चिकटतो, कापड सरकत नाही आणि टाके एकावर एक पडतात. टेफ्लॉनचा पाय लावा, नाहीतर पायाच्या तळाला सेलोटेप चिकटवा.

आता तळाचे कोपरे. बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणून त्रिकोण करा, टोकापासून शिवणीवर अडीच इंच मोजून आडवी रेघ मारा. ती पाच इंच भरली पाहिजे. रेघेवर दोनदा शिवून टोक कापा.

सुलट बाजू बाहेर काढण्याआधी टोपली थोडा वेळ उन्हात ठेवा, नाहीतर वळ्या पडतात. काठ दीड इंच आत दुमडून शिवा. इस्त्री अजिबात नको, लेप वितळतो. तयार टोपली सात बाय पाच, उंची सहा इंच.