फाइल सर्व्हरचा डेटा लिनक्सवर ठेवायचा कुठं

आमच्या यवतमाळकडं फोटो स्टुडिओवाले, झेरॉक्सवाले जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून साम्बा (नेटवर्कवरून बाकी कॉम्प्युटरले फोल्डर वाटणारा प्रोग्राम) चालवून राहिले, चांगलं हाय, पण डेटा कुठं ठेवला म्हणून विचारलं तं कोणी म्हणते मालकाच्या होममध्ये (त्याच्या यूजरच्या फोल्डरात), कोणी म्हणते रूटमध्येच (सगळ्यात वरच्या फोल्डरात) 'डेटा' नावाचं फोल्डर करून टाकलं. होममध्ये ज्याचं त्याचं सामान ठीक हाय, पण दुकानाचा सामायिक डेटा एका पोऱ्याच्या होममध्ये, अन् तो काम सोडून गेल्यावर कोणी त्याचा यूजर होमसकट उडवला तं लग्नाचे सगळे अल्बम गेले ना बाप्पा.

लिनक्समध्ये फोल्डरं कशी असावी याचा एफएचएस नावाचा स्टँडर्ड हाय, ३.० आवृत्ती २०१५ ची. मशीन जे दुसऱ्याले वाटून देते त्याच्यासाठी त्यात जागाच राखून ठेवली हाय, /एसआरव्ही. बहुतेकदा रिकामीच दिसते म्हणून कोणी पाहतच नाही. आतली मांडणी तुमच्या मनावर, मी /एसआरव्ही/साम्बा/फोटो असं करतो. /एमएनटी तात्पुरत्या माउंटसाठी (डिस्क एखाद्या फोल्डरले जोडणं म्हणजे माउंट), /मीडिया पेनड्राइव्हसाठी, अन् /व्हार/लिब हे प्रोग्रामचं स्वतःचं घर, तिथं आपला पसारा नको.

आता मेन गोष्ट. डेटा रूट पार्टिशनवर (डिस्कच्या ज्या भागात लिनक्स स्वतः राहते) ठेवूच नका. भाव नाही म्हणून कापूस घरात भरला की झोपायले जागा राहत नाही, तसंच रूट भरलं की लॉगही लिहिता येत नाही अन् सर्व्हिसेस आडव्या होते. वेगळी डिस्क घ्या, /एसआरव्ही वर माउंट करा, एफस्टॅबमध्ये (चालू होताना कोणती डिस्क कुठं जोडायची त्याची यादी) यूयूआयडी, म्हणजे तिचा ओळख-नंबर, टाका, कारण एसडीए-एसडीबी ही डिस्कची नावं बदलू शकते. त्याच ओळीत नोफेल लिहिलं तं डिस्क नसली तरी मशीन चालू होते, पण इथंच मी फसलो होतो, लाइन गेली-आली, डिस्क माउंटच झाली नाही, साम्बानं खालचं रिकामं फोल्डर शेअर केलं अन् दिवसभराचे फोटो त्याच्यात, म्हणजे रूटवर जाऊन बसले, डिस्क परत लावल्यावर सगळे गायब, खाली झाकल्या गेले होते ते. तवापासून डिस्क लावायच्या आधी /एसआरव्ही रिकामं असतानाच त्याले चॅटर प्लस-आय (फोल्डरले कुलूप लावणारी कमांड) मारून ठेवतो, डिस्क नसली तं रूट यूजरलेही (सगळे अधिकार असलेल्यालेही) तिथं लिहिता येत नाही.

परमिशनचं जास्त डोकं लावू नका, स्टुडिओचा एक ग्रुप करा, फोल्डर त्या ग्रुपचं करा, परमिशन लावायची कमांड सीएचमॉड २७७०, त्यातल्या २ मुळं नवीन फाइली आपोआप त्याच ग्रुपच्या होते. ७७७ (म्हणजे सगळ्यायले सगळं मोकळं) करू नका भाऊ, पाया पडतो.

फेडोरा, रॉकी असलं लिनक्स असन तं एसईलिनक्स (लेबल पाहून अडवणारी वेगळी सुरक्षा) आडवं येते, परमिशन बरोबर असूनही फोल्डर उघडत नाही. तिथं साम्बा-शेअरचं लेबल लावा, सीमॅनेजनं नियम टाकून रिस्टोअरकॉन चालवा, सीएचकॉननं लावलं तं पुढच्या रीलेबलमध्ये उडते. शेवटी टेस्टपार्म (साम्बाची सेटिंग तपासणारी कमांड) चालवा, मग मशीन एकदा रीबूट करून डीएफमध्ये (जोडलेल्या डिस्क दाखवणारी कमांड) /एसआरव्ही वेगळी डिस्क म्हणून दिसते का पाहा, दिसली तरच पोऱ्याले फोटो टाकायले सांगा.