जीन्स शिवायची आहे? आधी कापड धुवा

मशीन, कात्री, टेप, खडू, इस्त्री. हे घरात असतंच. कात्रीला धार लावून घ्या, की झालं.

आता मुद्द्याचं. डेनिम धुतल्याशिवाय कापू नका. मी गेल्या वर्षी कापलं. मुलाला चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नवी जीन्स हवी होती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून कापड आणलं तेव्हा श्रावणातला पाऊस कोसळत होता. एवढं जाड कापड चार दिवस वाळायचं नाही, म्हणून तसंच कापून टाकलं. चवथीला पँट छान बसली. पहिल्याच धुण्यात ती घोट्याच्या वर गेली, कमरेचं बटण लागेना, आणि उजव्या पायाची बाहेरची शिवण फिरून नडगीवर आली. चार रात्री जागून शिवली होती. मुलाने ती परत घातली नाही आणि मला त्याला आग्रहही करवला नाही.

शिवण फिरली त्याचंही कारण हेच. डेनिमची वीण तिरकी असते. धुतल्यावर धागे सैल होतात आणि कापड त्या तिरक्या रेघेकडे ओढ घेतं. ही ओढ कापण्याआधीच निघून गेली पाहिजे. शिवलेल्या पायात ती निघाली, तर उसवूनही सरळ होत नाही.

धुण्याची रीत सांगते. कापलेल्या दोन्ही टोकांना झिगझॅग मारा, साध्या पायमशीनवर दोन टिपा मारल्या तरी चालतील, नाहीतर बादलीत धाग्यांचा गुंता होतो. मग कापडावर मधोमध पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घालून आखा. खडू नको, धुऊन जातो. पुढे जीन्स जशी धुणार तशीच धुवा, मशीनमध्ये तर मशीनमध्ये, पाणी मात्र गरम घ्या. एकटंच धुवा, दोनदा धुवा. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगर घालण्यात अर्थ नाही. निळीचा रंग धाग्याच्या वरवरच बसलेला असतो, आतला गाभा पांढराच राहतो, त्यामुळे तो थोडाथोडा जातच राहणार. वाळल्यावर चौकोन मोजा. पन्नासचे अठ्ठेचाळीस झाले, तर चार टक्के गेले, म्हणजे मीटरभर लांबीच्या पायात चार सेंटिमीटर. हा आकडा पाहिल्यावर धुणं टाळायची इच्छा उरत नाही.

पावसाळ्यात वाळत नाही, हे खरंच आहे. मग मे महिन्यातच कापड आणून धुऊन ठेवा. तेही जमलं नसेल, तर बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, पंख्याखाली दोन दिवस पसरा आणि किंचित ओलसर असताना इस्त्री करा. तेवढे दिवस नसतील तर चवथीला जुनी पँट घालू दे.

कापड घेताना दहा ते बारा औंसांचं (हे एका चौरस यार्डाचं वजन) घ्या. दुकानात वजन सांगत नसतील, तर चिमटीत सहा घड्या धरून बघा. बोटांनाच जड गेलं तर घरच्या मशीनलाही जाणार. ५८ इंच पन्ह्याचं मोठ्या माणसासाठी दोन मीटर लागतं, आटण्याचं धरून सव्वादोन घ्या. ताणलं जाणारं डेनिम पहिल्या खेपेला नको, त्याचं माप वेगळं बसतं.

सुई १६ किंवा १८ नंबरची, जीन्सचीच, आणि चार तरी आणा. पट्टा ओवायच्या लूपपाशी सहा-आठ थर येतात, तिथे सुया मोडतात. पावसाळ्यात टाचण्या कापडात टोचून रात्रभर ठेवू नका, आपल्या दमट हवेत गंजाचे डाग पडतात. दाबटिपेचा, म्हणजे कापडावर वरून दिसणाऱ्या टिपेचा, जाड दोरा फक्त वर लावा, बॉबिनमध्ये साधाच. टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा. जाड दोऱ्याचं छोटं रीळ अर्ध्या पँटीत संपतं, दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळत नाही, म्हणून तीन एकदमच घ्या. उरलेल्या तुकड्याच्या आठ घड्या करून आधी त्यावर टीप मारून बघा, दोऱ्याचा ताण तिथेच जुळवा.

माप जुन्या, नीट बसणाऱ्या जीन्सवरून घ्या आणि मांजरपाटाची एक पँट कच्ची शिवून बघा. आसन, म्हणजे दोन्ही पाय जुळतात तो भाग, खुर्चीवर बसूनच तपासा. उभ्याने सगळंच बरोबर वाटतं.

खिशाच्या आतलं पॉपलीनसुद्धा धुतलंय ना? तेही आटतं. मग खिशाचं तोंड चुण्या पडून आत ओढलं जातं. पॉपलीन धुवा. कमरेच्या पट्ट्यात घालायचं कॅनव्हाससुद्धा धुवा.

कापताना उभा धागा काठाला समांतर धरा, दोन्ही पाय एकाच दिशेने ठेवा. शिवताना आधी मागचे खिसे आणि योक (मागे कमरेखालची आडवी पट्टी), मग पुढचे खिसे, मग चेन. पुढची बाजू सपाट असतानाच चेन लावा, आसन जोडल्यावर हात शिरत नाही. मांडीच्या आतल्या शिवणीला दुहेरी टीप. जिथे थर जाड होतील तिथे हातोडीने ठोकून चपटे करा, मशीनच्या दाबपायाच्या मागे कापडाची घडी सरकवा आणि चाक हाताने फिरवा.

पट्टा, लूप, काज. काज आधी तुकड्यावर करून बघा. रिव्हेट, म्हणजे खिशाच्या कोपऱ्यावरचे धातूचे खिळे, पितळेचे घ्या, खाली दगड ठेवून ठोका, टेबलावर नाही. बॉटम, म्हणजे पायाची खालची दुमड, शेवटी, चपला घालून उभं राहून खुणा करा. दोन बोटं जास्तीची दुमडून ठेवा, दोनदा धुतलेलं कापडही पहिल्या महिन्यात अजून थोडं आटतं.