नाशिक राहू दे, अकलूजला चला: पाच वाईनवाल्यांनी मिळून ट्रिप कशी काढायची

वाईन म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट नाशिकलाच वळते. गंगापूर धरण, सूर्यास्त, हातात ग्लास, झाला फोटो. वाईनवर लिहिणारी आमची पाच जणांची टोळी आहे, आम्हालाही त्याचा कंटाळा आला आणि एका फेब्रुवारीत आम्ही पुण्याहून सोलापूर रोड धरला. रोटी, बारामती, इंदापूर, अकलूज. तिकडे वाईन होते म्हटलं की निम्मे लोक हसतात, कारण अकलूज म्हणजे ऊस, घोडेबाजार आणि लावणी स्पर्धा, यात द्राक्षाची दारू कुठून घुसली! तर घुसलीय, आणि चांगली घुसलीय. पण इथे नाशिकसारखं पाटी बघून आत शिरायचं काम नाही, आखणी करूनच जावं लागतं, म्हणून हा लेख.

आधी तारीख

जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी अखेर, बाकी काही बघू नका. आपल्याकडे थंडी एवढी पडत नाही की वेल झोपी जाईल, म्हणून वर्षात दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तेव्हा पुढच्या घडांची तयारी काडीत होते, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, तिच्यावर माल येतो. तिथून चार ते पाच महिने मोजले की तोडणी. फ्रान्स-इटलीत ऑगस्ट ते ऑक्टोबर तोडणी असते, आपली त्याच्या बरोब्बर उलट्या टोकाला. पावसाळ्यात गेलात तर हिरवीगार पानं दिसतील आणि डावण्या-भुरी या बुरशीच्या रोगांवरच्या फवारणीचा वास येईल, फोटो मस्त येतील पण लिहायला काही मिळायचं नाही.

तारीख ठरवताना ड्राय डे बघा. २६ जानेवारी नेमका सीझनमध्ये येतो, लाँग वीकेंड म्हणून सगळे तीच तारीख सुचवतात आणि मग बसा उसाचा रस पीत. निवडणूक असेल तर तेही बघा. आणि आषाढात तर नकोच. हा सगळा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा मार्ग आहे, रोटी घाट, बारामती, इंदापूर, सराटी, अकलूज, सगळे टप्पे ओळीने. ज्या घाटाला आपण वारीमुळे ओळखतो त्याच रोटीत वायनरी आहे हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं, जरा चमत्कारिकच वाटलं.

मग फोन

या पट्ट्यात बघायच्या जागा मोजक्याच आहेत. रोटीची वायनरी किंगफिशरवाल्या युबी ग्रुपने फोर सीझन्स नावाने उभी केली, नंतर ती ग्रोव्हर झाम्पा या वाईन कंपनीने घेतली, माळरानावर एकदम फ्रेंच वाड्यासारखी इमारत आहे. आणि अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ, आणि खरंच भावांच्या तीन जोड्या आहेत, इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. वाईनमेकर पिएरो मासी टस्कनीचे, म्हणून तिथलं सांजोवेसे द्राक्ष माळशिरस तालुक्यात आलं.

दोन्हीकडे किमान दोन आठवडे आधी फोन करा, किती जण, कशासाठी, काय बघायचंय ते सांगा. आमच्यातल्या एकाने "अरे जाऊ तसंच, वाईनवर लिहितो म्हटलं की सोडतात" असं म्हणून आम्हाला एका गेटवर पाऊण तास उन्हात उभं केलं होतं. तोडणीच्या दिवसांत माणसं कामात असतात हो, तुमची वाट बघत नसतात.

वेळ असेल तर पुण्यातून बाहेर पडताना मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र लागतं, तिथे आधी मेल टाकून परवानगी मिळते का बघा. वायनरीत कळत नाही ते इथे कळतं, म्हणजे कुठल्या खुंटावर कुठली जात कलम करतात वगैरे.

कामं वाटून घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं

पाच जण गेले आणि पाचही जणांनी "फुलांचा हलका सुवास आणि संतुलित चव" लिहिलं तर पाच जण गेलेच कशाला? निघायच्या आधीच ठरवा. एकाने फक्त बाग बघायची, माती, पाणी, छाटणीच्या तारखा, तोडणीच्या मजुरांशी गप्पा. एकाने तळघर आणि टाक्या. एकाने जेवण. एकाने पैसे, म्हणजे बाटलीची किंमत, कर, शेतकऱ्याला काय मिळतं, हे कोणी लिहीतच नाही. पाचव्याने चव. चवीवरून आमच्यात भांडणं झाली म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, तुम्हीही टाका.

गाडीत काय काय

ड्रायव्हर न पिणारा आणि पगारी ठेवा, "मी कमी पितो रे" वाला मित्र चालणार नाही. आठ वाईन प्रत्येकी ३० मिली म्हटलं तरी २४० मिली होतात, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश बाटली, आणि ती सकाळी अकराला. वाईनसाठी महाराष्ट्रात वय २१ पूर्ण लागतं, तेवढं ग्रुपमध्ये बघून घ्या.

थर्माकोलचा खोका आणि बर्फ हवाच. फेब्रुवारीतही दुपारी डिकी अशी तापते की बाटलीतली वाईन शिजते, बूच वर येतं. स्वतःचे एकसारखे ग्लास टॉवेलात गुंडाळून न्या, कारण लॉजवर स्टीलचे पेले मिळतात. वह्या, पेनं, पाणी, साधा पाव. सेंट मारून कोणी येऊ नका, पान-तंबाखू तर नाहीच.

पोचल्यावर आधी बाग, मग ग्लास

सगळे धावत टेस्टिंग रूममध्ये जातात. तुम्ही सकाळी लवकर बागेत जा, तोडणी ऊन चढायच्या आत असते. मणी तोडून खा. खायच्या थॉमसन जातीच्या द्राक्षापेक्षा हा मणी लहान, साल जाड, आत बिया. साल चावा, जीभ कोरडी पडते ना, तेच टॅनिन, रेड वाईनमध्ये तेच उतरतं. गोडीही जास्त, ती ब्रिक्समध्ये मोजतात, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, खायची द्राक्षं १८ ब्रिक्सच्या आसपास तोडतात, वाईनची २२ ते २४ ला. ब्रिक्सला ०.५५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो, २३ ब्रिक्स म्हणजे साधारण साडेबारा टक्के, मग लेबलवर काय छापलंय ते ताडून बघा, मजा येते.

"तुमची बेस्ट वाईन कुठली" हा प्रश्न विचारू नका, उत्तर सगळ्यात महागड्या बाटलीचं येतं. हे विचारा: या प्लॉटची गोडी छाटणी कधी झाली? यंदा पाऊस लांबला तेव्हा काय केलं? स्वतःची द्राक्षं किती, बाहेरच्या शेतकऱ्यांची किती? रात्री तापमान किती उतरतं? दिवसा तापणाऱ्या भागात द्राक्षातली आंबट धार टिकते ती रात्रीच्या गारव्यावर, नाहीतर वाईन नुसती गोडसर-जड लागते. सोलापूरकडची हवा कोरडी, पाऊस कमी, त्यामुळे रोग कमी पण उन्हाचं टेन्शन जास्त, नाशिकपेक्षा इथली गोष्ट वेगळी होते ती इथूनच.

टेस्टिंग

आधी स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), मग व्हाईट, मग रोझे (गुलाबी), शेवटी रेड. थुंकायला लाजू नका, पिकदाणी मागून घ्या, आपल्या आजोबांना कुठे लाज वाटायची. आणि एक नियम कडक पाळा, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. एकाने "आंबा!" म्हटलं की सगळ्यांना आंबा लागतो. तुमचे शब्द तुमच्या घरातले असू द्या. कुठलं तरी काळं विलायती फळ आपण आयुष्यात खाल्लेलं नसतं, जांभूळ, करवंद, कोकम, ओली माती, चिंचेचा कोळ असं लिहा ना.

रात्री जेवण आणि झाकून चाखणं

सीझन हुरड्याचा. जमलं तर शेतावर जा, गरम हुरडा, शेंगाचटणी आणि थंडगार शेनिन ब्लाँ ही व्हाईट वाईन, यावर मी वेगळा लेख लिहू शकतो. ठेच्यासोबत कॅबर्ने सोव्हिन्याँसारखी रेड मात्र घेऊ नका, तिखटावर टॅनिन म्हणजे आगीत तेल, तिथे किंचित गोडसर व्हाईट किंवा रोझे. काळ्या मसाल्याचं मटण आणि भाकरी असेल तर फ्रातेल्लीची सेत्ते ही रेड उघडा, सांजोवेसे आणि कॅबर्नेचं मिश्रण, मटणाच्या चरबीपुढे ती मऊ पडते. रेड आधी २०-२५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, "रूम टेम्परेचर" हा शब्द थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे, अकलूजच्या खोलीसाठी नाही.

जेवणाच्या आधी एक खेळ. पुण्याहून येताना नाशिकच्या एक-दोन रेड घेऊन या, अकलूजच्या दोन मिसळा, सगळ्या बाटल्या पेपरात गुंडाळा, न पिणाऱ्या ड्रायव्हरदादांना नंबर टाकायला सांगा आणि ओळखा कुठली कुठली. आमच्यातल्या सगळ्यात जास्त बोलणाऱ्याचे चारपैकी चार चुकले. दादा अजून हसतायत.

लिहिताना

काय फुकट मिळालं ते पहिल्याच ओळीत सांगा, जेवण, मुक्काम, बाटली, जे असेल ते. एकमेकांचं न वाचता लिहा, सगळ्यांचं झालं की मग एकाच दिवशी टाका. मतं जुळली नाहीत तर जुळवू नका, एकाला आवडलेली वाईन दुसऱ्याला पाणचट लागली तर वाचणाऱ्याला दोन्ही कळू देत.

विकत घेतलेल्या बाटल्यांची बिलं जपून ठेवा, रस्त्यात कोणी विचारलं तर लागतात. आणि घरी आल्या आल्या उघडू नका, २०० किलोमीटर हिंदकळलेली वाईन बिथरलेली असते, आठवडाभर अंधारात आडवी ठेवा. आमची एक सेत्ते अजून उघडायची आहे, पाचही जणांना एकच रविवार मोकळा मिळत नाही.