यंत्र बदलण्याआधी थांबा: इमारतीच्या कूलिंग-हीटिंगमध्ये होणाऱ्या या चुका टाळा

वीजबिल वाढलं की संशय आधी यंत्रावर जातो. जुनं झालंय, बदलून टाका, असा सल्लाही लगेच मिळतो. प्रत्यक्षात कितीतरी इमारतींत कॉम्प्रेसर आणि बॉयलर धडधाकट असतात. वीज वाया जाते ती चुकीच्या सेटिंगमुळे, अडलेल्या हवेमुळे, हवा वाहून नेणाऱ्या गळक्या डक्टमुळे आणि बंद केल्यावरही पूर्ण बंद न होणाऱ्या व्हॉल्व्हमुळे. नवं यंत्र बसवलं तरी हे दोष जागच्या जागी राहतात. म्हणून आधी नियंत्रण तपासा, मग हवा आणि पाणी, आणि सगळ्यात शेवटी यंत्र.

एकाच वेळी गरमही आणि थंडही

सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खोलीत कोणाला त्रासच होत नाही. हीटिंग २२ अंशांवर, कूलिंगही २२ अंशांवर लावलेलं असतं. तापमान किंचित इकडेतिकडे झालं की दोन्ही यंत्रणा आळीपाळीने चालू होतात आणि एकीचं काम दुसरी पुसून टाकते. दोन्ही सेटिंगमध्ये किमान ३ अंशांचं अंतर ठेवा. उदाहरणार्थ हीटिंग २१, कूलिंग २४. मोठ्या हॉलमध्ये दोन-तीन युनिट असतील, तर सगळ्यांचा मोड आणि सेटिंग एकच हवं. नाहीतर एक युनिट तापवतं आणि शेजारचं गार करत बसतं.

सेटिंग बरोबर असूनही खर्च कमी होत नसेल तर एअर हँडलिंग युनिटमधला (हवा गार-गरम करून डक्टमध्ये सोडणाऱ्या पेटीतला) गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पाहा. पंखा चालू ठेवा, नियंत्रणातून व्हॉल्व्ह ० टक्क्यांवर न्या आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग गरम कॉइलच्या (हवा तापवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याच्या) लगेच आधी आणि लगेच नंतर हवेचं तापमान मोजा. दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. नंतरची हवा १-२ अंशांनी गरम लागली तर व्हॉल्व्ह आतून गळतोय. मोजण्याच्या दोन जागांमध्ये पंखा येऊ देऊ नका, कारण त्याच्या मोटरची उष्णताही हवेत मिसळते. गळती सापडली म्हणून लगेच नवा व्हॉल्व्ह मागवू नका. अनेकदा अ‍ॅक्च्युएटरचा (व्हॉल्व्ह उघडझाप करणाऱ्या मोटरचा) स्क्रू सैल होऊन दांडा पूर्ण खाली जात नाही, पण पडद्यावर मात्र ‘बंद’ दिसतं. आधी तो घट्ट करून स्ट्रोक (दांड्याची वर-खाली हालचाल) पुन्हा सेट करा. त्यानंतरही गळत असेल तर सीटवर (व्हॉल्व्ह टेकून बंद होतो त्या जागेवर) कचरा बसलाय किंवा सीट झिजली आहे, असं समजा.

थर्मोस्टॅट

१८ वर लावल्याने खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर १८ वर आणि २५ वर सारखीच थंडी देतो. १८ वर तो फक्त थांबत नाही. इन्व्हर्टर एसी जोर वाढवतो खरा, पण हवं ते तापमान आल्यावरही पुढे गार करतच राहतो.

थर्मोस्टॅट उन्हात, कॉपियरच्या डोक्यावर किंवा थंड हवेच्या थेट झोतात नको. जमिनीपासून साधारण दीड मीटरवर, आतल्या भिंतीवर बरा. वायर येते ते भिंतीतलं भोक बुजवायला विसरू नका. त्यातून येणारी हवा सेन्सरला वेगळंच तापमान दाखवते. आणि सुट्टीच्या दिवशी कोणी यंत्रणा ‘मॅन्युअल’वर टाकली, की ती महिनोन्‌महिने तशीच चालत राहते. अशा वेळेसाठी दोन तासांनी आपोआप वेळापत्रकावर परतणारी सोय लावून घ्या.

कॉइलवर बर्फ धरला, म्हणजे गॅस संपला?

बर्फ दिसला की गॅस भरायचा, ही सवय मोडायलाच हवी. गॅस बंद यंत्रणेत फिरत असतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच. शिवाय कॉइलवरून हवा कमी गेली तरी अगदी तसाच बर्फ धरतो.

आधी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालवा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. मग फिल्टर, कॉइलच्या पात्या, ब्लोअरच्या पंख्यावर साचलेला मळ आणि बंद करून ठेवलेली जाळी, या क्रमाने तपासा. हे स्वच्छ झाल्यावर यंत्र पंधरा मिनिटं चालवून परतीची हवा आणि बाहेर फेकलेली थंड हवा मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल तर ठीक. हवा खूप दमट असेल तर तो कमी येतो. अजूनही बर्फ धरत असेल तरच दाब मोजणारं गेज लावा. सुपरहीट (वाफ झाल्यावर गॅस आणखी किती तापला) जास्त आणि सबकूलिंग (द्रव झाल्यावर तो आणखी किती गार झाला) कमी असेल तर गॅस कमी आहे. मग नायट्रोजनने गळती शोधा, जोड दुरुस्त करा, नळ्यांतली हवा आणि ओल काढायला ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूमचं माप) खाली व्हॅक्यूम घ्या आणि यंत्राच्या प्लेटवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरा. अंदाजाने जास्त भरलेला गॅस कंडेन्सरचा (बाहेर उष्णता सोडणाऱ्या कॉइलचा) दाब वाढवतो आणि वीज आणखी खातो.

चिलर चालू, पण परतीचं पाणी पुरेसं गरमच होत नाही

चिलरचं (इमारतीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्राचं) पाणी ७ अंशांवर जाऊन १२ वर परतावं अशी रचना असते. पुष्कळ ठिकाणी ते ९ वरच परततं. हिशोब सोपा आहे: किलोवॅट = १.१६३ × तासाला घनमीटर × तापमानातला फरक. ३५० किलोवॅट, म्हणजे जवळपास १०० टन कूलिंगसाठी ५ अंशांच्या फरकावर तासाला ६० घनमीटर पाणी पुरतं. फरक २ अंशांवर आला की १५० लागतं. एवढं पाणी फिरवायला मग दुसरा पंप आणि गरज नसताना दुसरा चिलरही लावला जातो. कारणं शोधा ती कॉइलपाशी: तीन-मार्गी व्हॉल्व्हमधून वळसा घेणारं पाणी, मळलेली कॉइल, उलटी जोडलेली पाइपलाइन, किंवा गाठताच येणार नाही इतकं कमी ठेवलेलं हवेचं तापमान, ज्यामुळे व्हॉल्व्ह कायम सताड उघडा राहतो.

पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आहे, पण पुढचा व्हॉल्व्ह अर्धा आवळलेला, असंही दिसतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि वेग कमी करा. बंद चक्रात वेग ८० टक्के केला की पंपाला लागणारी वीज जवळपास निम्मी होते.

हीटिंगमध्ये

कंडेन्सिंग बॉयलर घेऊन त्यातून ८० अंशांचं पाणी सोडणं म्हणजे त्या बॉयलरला दिलेले जास्तीचे पैसे फुकट घालवणं. नैसर्गिक वायूवर चालत असेल तर परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आल्याशिवाय धुरातली वाफ पाणी होऊन उष्णता देत नाही. बाहेरच्या तापमानानुसार पाण्याचं तापमान बदलणारं नियंत्रण सुरू करा. हीट पंपाला (बाहेरची उष्णता ओढून आत आणणाऱ्या यंत्राला) हे आणखी लागू पडतं. शिवाय रात्री तापमान फार खाली नेलं तर सकाळी ते भरून काढायला विजेचा हीटर चालू होतो आणि रात्रीची बचत संपते.

रेडिएटर वरून गार असेल तर आत हवा अडकली आहे. खालून गार असेल तर गाळ बसलाय. फक्त दूरचे गार असतील तर जवळच्यांचे व्हॉल्व्ह थोडे आवळून पाणी समतोल करा. पंपाचा वेग वाढवणं हा उपाय नव्हे.

बाहेरची हवा

डक्टच्या जोडांवर कापडी टेप लावू नका, ती वाळून सुटते, मॅस्टिक (लेपासारखं सीलंट) लावा. आउटडोअर युनिटमध्ये शिरणारी हवा मोकळ्या सावलीतल्या हवेपेक्षा ३-४ अंश गरम असेल, तर युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतंय. समोरचा अडथळा काढा.

ताज्या हवेचा डँपर (हवेची झडप) अडकला असेल तर तेही मोजून कळतं. परतीची हवा २४, बाहेरची ३८ आणि मिश्रण २८.२ अंश असेल, तर ४.२ भागिले १४, म्हणजे ३० टक्के हवा बाहेरची आहे. नियंत्रणाने १५ टक्के मागितली असेल तर डँपरची दांडी तपासा. बाहेर आणि आत निदान ६-७ अंशांचा फरक असेल त्या दिवशीच हे मोजा, आणि मिश्र हवेचं तापमान एकाच ठिकाणी न घेता चार-पाच ठिकाणी घेऊन सरासरी काढा. वीज वाचवण्यासाठी डँपर पूर्ण बंद करू नका. आतल्या माणसांना ताजी हवा हवीच.