लग्नसराईआधी बाजाचे पोचे काढायला बसताना

पहिलं सामान व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार. हातोडीच्या आधी, नळीत आतून फिरवून पोचा बाहेर दाबायच्या गोळ्यांच्याही आधी. मागच्या सराईला नेमका तोच राहिला होता.

ट्रम्पेटच्या सरळ नळीचं आतलं माप साधारण 11.66 मिमी. तिथं 11.5 चा गोळा सुळकन जातो. वळणात मात्र नळी वाकवताना किंचित चपटलेली असते, त्यात वर पोचा. गोळा तिथंच रुतून बसतो. म्हणून 9 पासून अर्ध्या अर्ध्या मिमीने चढत जायचं. बेअरिंगचे जुने गोळे चालतात, फक्त गंजके नकोत, गंजाचा खड्डा पितळेवर उमटतो. दुकानदार इंची आणि मिमीचे एकाच डब्यातून देतो: 7/16 इंची 11.11 भरतो, 15/32 इंची 11.9. डोळ्याला दोन्ही सारखेच. मोजा. मधल्या जागी आतून मोजता येत नाही, तर बाहेरचं माप घेऊन पत्र्याची जाडी दोनदा वजा करा. पत्रा अर्ध्या मिमीच्या आसपास असतो. तोंडाकडची नळी तर निमुळतीच, तिथं आणखी लहान गोळा. अडकलाच तर ठोकू नका, पलीकडच्या तोंडातून लहान गोळा सोडून बाजा हलवत त्याला मागे हाणा.

गोळा ओढायला निओडिमियम चुंबक, खाली चामड्याचा तुकडा, नाहीतर ओरखडे. व्हॉल्व्ह आधी काढून बाजूला.

कर्ण्यासाठी, म्हणजे पुढच्या पसरट तोंडासाठी, टोक गोल घासून चकचकीत केलेली लोखंडी सळई. सळई धरायला व्हाईस ट्रॅक्टर गॅरेजातला चालेल, जबड्यात ॲल्युमिनियमची पट्टी घाला. हातोडी लाकडी किंवा नायलॉनची. लोखंडीने पत्रा पातळ होऊन पसरतो आणि पोच्याच्या जागी फुगा येतो. कडेकडून आत या, मध्यावर घाव नको. उजेड दाराचा घ्या, विजेचा भरवसा नाही. नळीवर चौकटीची उभी रेघ चमकते. जिथं ती वाकते तिथं पोचा अजून आहे.

या सगळ्याआधी कोमट साबणाच्या पाण्याने नळी आतून धुवा. हिरवा कळंक राहिला तर गोळा तो पितळेत दाबतो. मग दोन थेंब तेल. आणि गोळा सोडण्याआधी परत मोजा, हो, परत.

व्हॉल्व्हच्या डब्याला हात लावू नका, पिस्टन जाम होतो. डाकाजवळ गॅसबत्ती नको, शिसं-कथिलाचा डाक 183 अंशांपासून सुटू लागतो.

बाजा गोठ्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी ठेवू नका. ठोकलेलं पितळ अमोनियाने तडकतं. तबेल्याजवळ ठेवलेली इंग्रजी फौजेची काडतुसं आपल्याकडच्या पावसाळ्यात अशीच चिरत.

बाकी ब्रासो, फडकं, व्हॉल्व्हचं तेल, ते असतंच. आत सोडलेले गोळे मोजून बाहेर काढा.