या चुका टाळा: जुन्या गाडीचा कार्बोरेटर आणि थ्रॉटल उघडताना

जुनी गाडी स्लोला (पेडलवरून पाय काढून इंजिन नुसतं चालू ठेवलं की) बंद पडायला लागली की लोक सगळ्यात आधी स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरवरचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा) स्क्रू फिरवतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पॉइंटची (ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांची) गॅप, टायमिंग, प्लग, टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) हे आधी तपासा, कारण करंट कमजोर असला तरी गाडी तशीच मिसिंग करते आणि आपण कार्बचं चांगलं सेटिंग उगाच बिघडवून बसतो. मिक्श्चर सगळ्यात शेवटी. आणि तो टोकदार स्क्रू कधीही जोर लावून तळापर्यंत आवळू नका, टोकाला खाच पडली की स्लो परत नीट बसत नाही.

आता मुख्य मुद्दा. रिपेअर किट टाकलं म्हणजे कार्ब नवा झाला असं बरेच जण समजतात. किटमध्ये गॅस्केट, नीडल व्हॉल्व्ह, डायफ्राम असतं, पण थ्रॉटलचा (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) झिजलेला शाफ्ट, म्हणजे दांडा, आणि त्याचं मोठं झालेलं भोक तसंच राहतं ना! वर्षानुवर्षं घासून तिथे खेळ येतो, तिथून जास्तीची हवा आत जाते, मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं, मग आपण स्क्रूने रिच (पेट्रोल जास्त) करतो, थोडा वेळ बरं वाटतं, पण बटरफ्लाय (शाफ्टवरची गोल चकती, तीच झडप) दर वेळी वेगळ्या जागी बसत असल्यामुळे आरपीएम कधी 800 तर कधी 1200. शाफ्ट गोल न फिरवता वर-खाली हलवून बघा, टकटक लागली तर समजा. खात्री करायची असेल तर इंजिन स्लोला ठेवून शाफ्टच्या टोकांवर आणि मॅनिफोल्डच्या (कार्बपासून इंजिनपर्यंतच्या नळीच्या) जोडावर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा, आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. फवारा गरम एक्झॉस्टवर किंवा डिस्ट्रिब्युटरवर (प्लगना करंट वाटणाऱ्या भागावर) जाऊ द्यायचा नाही, आणि आग विझवायचा सिलिंडर हाताशी पाहिजेच.

उपाय म्हणजे कार्बच्या बॉडीत बुश (शाफ्टच्या भोकात बसणारी धातूची बारीक नळी) बसवणं, आणि तेही मशीनवर. हातातल्या ड्रिलने दोन्ही बाजूची भोकं एका रेषेत येत नाहीत आणि मग शाफ्ट जाम होतो. या जुन्या बॉड्या परत मिळणं फार अवघड असतं हो, म्हणून इथे घाई करू नका.

शाफ्ट काढताना बटरफ्लायचे स्क्रू नुसते पिळू नका, त्यांची टोकं मागून पसरवलेली असतात, ती आधी कानसने घासून काढा, नाहीतर शाफ्टचे आटे जातात. बटरफ्लायची कुठली बाजू वर होती याची खूण करा, कारण कडा तिरक्या असतात, उलटी बसवली तर पूर्ण बंदच होणार नाही. परत लावताना स्क्रू ढिले ठेवून बटरफ्लाय बंद करा, उजेडासमोर धरून चारी बाजूंनी सारखी बसलीय ना ते बघा आणि मगच आवळा. स्क्रू नवेच वापरा आणि टोकं परत पसरवा. एखादा सुटला तर तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

लिंकेज (पेडलपासून थ्रॉटलपर्यंतच्या दांड्या आणि केबल) तर कोणी बघतच नाही! इंजिन बंद ठेवून कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि बटरफ्लाय खरंच पूर्ण उघडतेय का ते बघा, कारण कित्येकदा पायाखालच्या जाड मॅटमुळे किंवा सैल जोडांमुळे ती पाऊणच उघडते आणि लोक पिकअप नाही म्हणून जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक असलेला तुकडा) मोठं करतात. पाय काढल्यावर बटरफ्लाय स्लोच्या स्क्रूवर येऊन टेकली पाहिजे, केबलवर लटकायला नको. अडकत असेल तर जाड स्प्रिंग लावून दाबून टाकू नका, अडकतंय कुठे ते शोधा.

जेट तारेने साफ करायचं नाही. सोलेक्स किंवा वेबर कंपनीच्या कार्बच्या जेटवर 120 लिहिलंय म्हणजे भोक 1.20 मिमी, तारेने ते माप जातं, हवा मारा. पितळी फ्लोट (कार्बमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता डबा) कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो बुडतोय आणि गाडी ओव्हर होणारच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पेट्रोल येणार. गरम पाण्यात धरला की बुडबुडे भोक दाखवतात, पण आतलं पेट्रोल आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय डाग (सोल्डर) द्यायचा नाही. आणि नवीन इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर प्रेशर मोजा, जुन्या कार्बला साधारण 2 ते 4 पीएसआय पुरतं.

एसयू कंपनीचे कार्ब असतील (यात हवेच्या ओढीने वर-खाली होणारा स्वतःचा पिस्टन असतो, इंजिनचा नव्हे) तर दोन कार्बचे पिस्टन आणि त्यांच्या टोप्या एकमेकांत मिसळू नका, त्या जोड्या जुळवलेल्या असतात. इंजिन गरम झाल्यावर पिस्टन जेमतेम 1 मिमी उचला: रेस किंचित वाढून परत जागेवर आली तर बरोबर, वाढून तशीच राहिली तर रिच, इंजिन बसायला लागलं तर लीन. जेटचा नट खाली घेतला की रिच होतं, वर नेला की लीन, एका वेळी नटाची एकच बाजू फिरवा आणि परत उचलून बघा.